३१० किलोमीटर

ताईचा विमानतळ आणि माझा विमानतळ यांच्यात ३१० किलोमीटर आहेत. दोन्ही छोटेच. माझ्याकडे सामानाचा एक पट्टा तरी फिरतो. तिच्याकडे लोडर बॅगा ढकलगाडीवरून आणून भिंतीशी ओळीने लावतो, आपली ओळखायची आणि निघायचं. दोन विमानतळांची नावं घातली की मधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ सांगणारी गणकयंत्रं इंटरनेटवर ढिगाने आहेत. त्यातलं एक मी गेल्या चार वर्षांत इतक्या वेळा उघडलंय की पहिलं अक्षर दाबताच फोन पुढचं स्वतःच भरतो. उत्तर बदलत नाही. ३१० किलोमीटर, ५३ मिनिटं.

या दोन विमानतळांमध्ये एकही विमान जात नाही. पूर्वीही कधी गेलेलं नाही. गणकयंत्राला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं. त्याला दोन बिंदू दिले की ते मधलं अंतर मोजतं, विमान आहे का हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

मग ही ५३ मिनिटं आली कुठून, हे एकदा बसून काढलं. हिशेब अगदीच ढोबळ निघाला. विमान ताशी ५०० मैलांनी, म्हणजे ८०५ किलोमीटरने जातं असं धरायचं, अंतराला त्याने भागायचं, आणि चढण्या-उतरण्याची म्हणून सरसकट अर्धा तास घालायचा. ३१० भागिले ८०५, म्हणजे २३ मिनिटं. अधिक ३०. झाली ५३. हा वेग मोठ्या जेटचा, तोही उंचावर गेल्यानंतरचा. आमच्या दोघांच्या विमानतळांवर येतं ते पंख्याचं विमान, एटीआर. त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या थोडा वर. थोडक्यात, नसलेल्या मार्गावर, न येणाऱ्या विमानाने लागणारा वेळ मी चार वर्षं पुन्हापुन्हा तपासत होतो.

अंतराचा आकडा तरी खरा असेल, असं मला वाटायचं. तो खराच आहे, पण कुठून कुठपर्यंत ते पाहायला हवं. प्रत्येक विमानतळाचा एक संदर्भबिंदू ठरलेला असतो आणि विमानतळाचे म्हणून जे अक्षांश-रेखांश छापतात ते त्या बिंदूचे असतात. हा बिंदू साधारणपणे धावपट्ट्यांच्या मध्याशी धरतात. एकच धावपट्टी असलेल्या छोट्या विमानतळावर तो बहुधा धावपट्टीच्या पोटातच येतो. म्हणजे ३१० किलोमीटर हे अंतर डांबराच्या अशा दोन ठिपक्यांमधलं, जिथे ना कुणी चढत ना कुणी उतरत. ताईचं घर तिच्या ठिपक्यापासून आणखी २२ किलोमीटर. ते आपलं आपण मोजायचं.

या दोन ठिपक्यांमधलं अंतर काढायचं सूत्र मात्र फार देखणं आहे. त्याचं नाव हॅव्हरसाइन. हा शब्द १८३५ साली जेम्स इनमन यांनी नौकानयनाच्या पुस्तकात वापरला. समुद्रावर हलत्या जहाजात बसून हाताने गणितं करायची, तर मोठमोठे गुणाकार टाळणारी कोष्टकं हवीत, ही त्यामागची गरज. पण शब्द सोडवायला घेतला तर तो आपल्याच अंगणात येऊन पडतो. हॅव्हरसाइन म्हणजे व्हर्साइनचा अर्धा. आणि व्हर्साइन, म्हणजे १मधून कोसाइन वजा केल्यावर उरतं ते, ही आपली उत्क्रमज्या, जिचं कोष्टक सूर्यसिद्धान्तात दिलेलं आहे. खुद्द साइन हा शब्दही तसाच फिरून आलेला: आपली ज्या किंवा जीवा, अरबीत तिचं जीबा झालं, पुढे कुणीतरी ते जैब असं वाचलं, जैब म्हणजे कपड्याची खोळ, आणि लॅटिनमध्ये खोळीला सायनस. एका शब्दाने किती थांबे घेत किती लांबचा प्रवास केला! तोही सरळ गेलेला नाही.

हे सूत्र पृथ्वीला चेंडू मानतं, त्रिज्या ६३७१ किलोमीटर. पृथ्वी तशी नाही. विषुववृत्तापाशी तिची त्रिज्या ६३७८ आहे आणि ध्रुवापाशी ६३५७, एकवीस किलोमीटर कमी. त्यामुळे उत्तर अर्ध्या टक्क्यापर्यंत चुकू शकतं, म्हणजे आमच्या ३१०मध्ये दीड किलोमीटर इकडे किंवा तिकडे. थॅडियस व्हिन्सेंटी यांनी १९७५ साली चपट्या पृथ्वीसाठी जे सूत्र दिलं त्यात ही चूक मिलिमीटरवर येते. दोघे भावंडं दर रविवारी फोनवर बोलतात त्यांना मिलिमीटर काय करायचेत, ही गोष्ट वेगळी.

मग एका रात्री मी आणखी एक रिकामटेकडा उद्योग केला. पृथ्वी गोल आहे म्हणून हे अंतर कमानीचं. समजा कमानीने न जाता जमिनीच्या पोटातून सरळ बोगदा खणला, तर किती वाचेल? गणित केलं. बोगदा मध्यावर जवळपास १.९ किलोमीटर खोल जाईल आणि एवढं करून वाचतील फक्त ३० मीटर. माझा विश्वास बसेना म्हणून पुन्हा केलं. तीसच मीटर. उलट विमानाने साडेपाच किलोमीटर उंच जाऊन जायचं म्हटलं तर उंचीवरची ती कमान जमिनीवरच्या कमानीपेक्षा जेमतेम २७० मीटरने लांब. खाली खणा नाहीतर वर उडा, एवढ्याशा अंतरात पृथ्वीच्या गोलाईला फारसं मनावर घ्यायचं कारण नाही. आमची वाट लांबवणारी ती नव्हे.

ताईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "बरं. येतोयस कधी?"

विमान खरंच सुटलं असतं तरी ते ३१० किलोमीटर गेलं नसतं. विमान वाऱ्याच्या तोंडावर उडतं आणि वाऱ्याच्या तोंडावरच उतरतं. माझ्या धावपट्टीच्या एका टोकाला २७ लिहिलंय. त्याचा अर्थ होकायंत्रावरचे २७० अंश, शेवटचं शून्य गाळून. म्हणजे तिथून निघालेलं विमान पश्चिमेला तोंड करून धावतं. (हे आकडेसुद्धा कायमचे नसतात. पृथ्वीचं चुंबकीय उत्तर सरकतं, तसे ते बदलावे लागतात. लंडनजवळच्या स्टॅनस्टेडने २००९मध्ये ०५/२३ पुसून ०४/२२ लिहिलं.) ताई पूर्वेला. वारा पश्चिमेचा असला तर आधी तिच्याकडे पाठ करून सुटायचं, मग वळायचं, मग पाच अक्षरी नावांच्या अदृश्य नाक्यांवरून ठरलेल्या वाटेने जायचं, आणि तिकडे पोचल्यावर धावपट्टी गाठायला पुन्हा वळसा. ३१०चे ३४० सहज होतात.

वाऱ्याबद्दल माझी अशी समजूत होती की जाताना नडतो, येताना मदत करतो, हिशेब सारखा. नाही होत. सोपे आकडे घेऊ: ५०० किलोमीटर अंतर, ताशी ५०० वेग, आणि ५०चा वारा. समोरून वारा असताना वेग ४५०, वेळ ६६ मिनिटं ४० सेकंद. पाठीशी असताना ५५०, वेळ साडेचौपन्न मिनिटं. बेरीज १२१ मिनिटांच्या वर. वाराच नसता तर १२०. कारण वारा नडतो तेव्हा आपण त्याच्या तावडीत जास्त वेळ असतो, मदत करतो तेव्हा कमी. मिनिटभराचाच फरक, पण तो कधीच आपल्या बाजूने पडत नाही. हे कळल्यावर मला उगाचच बरं वाटलं, कुणीतरी आपली तक्रार ऐकून घेतल्यासारखं.

छोट्या अंतराचं उड्डाण आतून पाहिलं की आणखी एक गंमत दिसते. एटीआर १८ हजार फुटांवर जायचं तर चढण्यात पंधरा मिनिटं जातात, तेवढ्यात शंभरेक किलोमीटर मागे पडलेले. उतरताना वैमानिकांचा ठोकताळा असा की दर हजार फुटांना तीन सागरी मैल ठेवायचे. १८ हजारांना ५४ सागरी मैल, म्हणजे बरोबर १०० किलोमीटर. ३१०मधून दोन्हीकडचे शंभर-शंभर काढले तर वर सपाट जायला उरतात ११० किलोमीटर, तेरा मिनिटं. पट्टे बांधण्याचा दिवा विझतो, कुणीतरी उठून मागे जाऊ लागतं, आणि तोवर कान दडपायला लागलेले असतात. असं उड्डाण म्हणजे एक चढ आणि एक उतार. पठार जवळपास नाहीच.

आणि तिकिटावरची वेळ तर हवेतली नसतेच. विमान उभं असताना चाकांना ठोकळे लावलेले असतात, चॉक्स म्हणतात त्यांना. ते काढून विमान हललं की घड्याळ सुरू, दुसरीकडे विमान थांबून ठोकळे लागले की बंद. हा ब्लॉक टाइम. छोट्या विमानतळांवर कित्येकदा धावपट्टीला समांतर जाणारा टॅक्सीवे नसतो. मग उतरलेलं विमान धावपट्टीच्या टोकाशी जाऊन गर्रकन वळतं आणि ज्या धावपट्टीवरून आलं तिच्यावरूनच सावकाश उलटं येतं. ताईच्या विमानतळावर हे मी खिडकीतून दर वेळी बघतो. उतरण्याची घाई संपलेली असते, पंखे गुरगुरत असतात, कडेचं गवत आडवं होत असतं, आणि दूरवर कुंपणापलीकडे थांबलेली माणसं दिसतात. एवढ्या सगळ्या वेगानंतरचे ती संथ तीन-चार मिनिटं मला फार आवडतात. वर विमान कंपन्या वेळापत्रकात थोडा ऐसपैसपणा घालतात तो निराळा. छापील वेळेनंतर पंधरा मिनिटांपर्यंत पोचलेलं विमान सहसा वेळेवरच धरतात.

तर मी ताईकडे जातो कसा? तिच्या डोक्यावरून.

ही अतिशयोक्ती नाही. मोठा विमानतळ माझ्यापासून ५६० किलोमीटरवर आहे, आणि तो ताईच्या पलीकडे, जवळपास त्याच रेषेत आहे. मी आधी ५६० किलोमीटर जातो, तिथे चार तास दहा मिनिटं बसतो, आणि मग दुसऱ्या विमानाने २५५ किलोमीटर मागे येतो. एकूण ८१५ किलोमीटर. ठोकळ्यापासून ठोकळ्यापर्यंत सहा तास पन्नास मिनिटं. घरातून निघाल्यापासून तिच्या दारापर्यंत साडेनऊ तास. रस्त्याने गेलो तर ४७० किलोमीटर आणि बसची अख्खी रात्र, कारण मध्ये डोंगर आहेत.

यामागचं गणित मला कळतं, म्हणून राग धरता येत नाही. वीस छोटे विमानतळ प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडायचे तर १९० जोड्या होतात. मध्ये एक मोठा विमानतळ ठेवला तर वीसच मार्ग पुरतात. बैलगाडीच्या चाकात मध्ये तुंबा आणि त्यातून निघालेले आरे असतात, तशी ही रचना. अमेरिकेत १९७८ साली विमान कंपन्यांवरचं मार्ग आणि भाडं ठरवण्याचं सरकारी नियंत्रण उठलं, त्यानंतर कंपन्यांनी ही रचना झपाट्याने वाढवली. चाकात एका आऱ्याच्या टोकावरून दुसऱ्या आऱ्याच्या टोकाला जायची सोय नसते, तुंब्यातून जावं लागतं. मी एका आऱ्याच्या टोकाला राहतो, ताई दुसऱ्या. एटीआर ७२मध्ये सत्तरेक माणसं बसतात. रोज सत्तर माणसांना माझ्याकडून ताईकडे जायचं असतं तर गोष्ट वेगळी होती. मला तर एकट्याला, वर्षातून दोनदा.

अपवाद आहेत. नॉर्वेच्या अगदी उत्तरेला फिनमार्कमध्ये विडेरो कंपनीची छोटी विमानं बससारखी हिंडतात: मेहाम्नला उतर, बर्लेव्होगला उतर, बोट्सफ्योर्डला उतर. धावपट्ट्या हजार मीटरच्या आसपासच्या, आणि तोट्याचा भार सरकार उचलतं. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे यांच्यामध्ये लोगनएअर १९६७पासून विमान चालवतं. अंतर २.७ किलोमीटर. मोठ्या विमानतळांवरच्या कित्येक धावपट्ट्या याहून लांब असतात! वेळापत्रकातला वेळ दोन मिनिटं. वारा पाठीशी असताना झालेला विक्रम ५३ सेकंदांचा. माझ्या गणकयंत्राची ५३ मिनिटं, त्यांचे ५३ सेकंद. त्यांचे निदान कुणीतरी प्रत्यक्ष उडून दाखवलेले आहेत.

तुंब्यातून जाण्याची खरी किंमत मला तिसऱ्या वर्षी कळली. सकाळी माझ्याकडे धुकं होतं. पहिलं विमान अडीच तास उशिरा सुटलं. तरी माझ्या हातात चार तासांची सवड होती, म्हणून मी निवांत. मधल्या विमानतळावर पोचलो तर दुसऱ्या विमानाचाही उशीर लागलेला, दुसऱ्याच कुठल्या गावाहून ते यायचं होतं. आलं शेवटी. काचेतून दिसत होतं, पोटात इंधन भरणं चाललेलं. आणि मग फलकावर आमच्या उड्डाणापुढे रद्द असं आलं. मी काउंटरवर जाऊन भांडायच्या तयारीत उभा राहिलो. तिथली मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, विमान आहे. वैमानिकही आहेत. पण तुम्ही पोचाल तेव्हा तिथे सूर्य मावळलेला असेल."

ताईच्या विमानतळावर रात्री उतरायचे दिवे नाहीत. मला हे ठाऊक होतं, ताईनेच कधीतरी सांगितलेलं, पण मनावर घेतलं नव्हतं. धावपट्टीच्या कडेचे दिवे, उतरण्याचा कोन दाखवणारे दिवे, रात्रपाळीची माणसं, यातलं काही नसलं की सूर्यास्त हीच वेळापत्रकाची शेवटची ओळ. त्या मुलीशी कशाबद्दल भांडणार? सूर्याबद्दल?

ती रात्र मी मधल्या विमानतळाजवळच्या एका खोलीत काढली. ताईचा फोन आला तेव्हा काय बोलावं सुचेना, म्हणून सवयीने गणकयंत्र उघडलं आणि या वेळी मधल्या विमानतळाचं नाव घातलं. २५५ किलोमीटर, ४९ मिनिटं. दिवसभर प्रवास करून मी तिच्या ५५ किलोमीटर जवळ आलो होतो. तिला तसं सांगितलं. ती एवढी हसली की मलाही हसू फुटलं. मग म्हणाली, "अरे पण तू सकाळी इथूनच गेलास ना?"

खरंच की. मी हे नकाशावर पाहिलं होतं, पण त्याचा विचार केला नव्हता. हिशेब मांडला. चढायला पंधरा मिनिटं, शंभर किलोमीटर. मग २१० किलोमीटर ताशी ५००च्या वरच्या वेगाने, पंचवीस मिनिटं. म्हणजे चाकं जमिनीवरून उचलल्यानंतर चाळिसाव्या मिनिटाला मी ताईच्या शहरावर असतो. गणकयंत्राच्या ५३ मिनिटांपेक्षाही तेरा मिनिटं आधी. आणि त्या वेळी आमच्यातलं अंतर असतं साडेपाच किलोमीटर, सरळ वर. तोवर मी तिच्या इतका जवळ कितीतरी वेळा गेलो होतो आणि दर वेळी खिडकीचं झाकण ओढून झोपलेलो होतो.

पुढच्या खेपेला आम्ही ठरवलं. फोन फ्लाइट मोडवर असला तरी जीपीएस चालतं, म्हणून मी नकाशा आधी उतरवून घेतला आणि खिडकीशी धरून बसलो. निळा ठिपका सरकत होता. ताई विमानांचा माग दाखवणारं ॲप लावून गच्चीवर जाणार होती. छत्तिसाव्या मिनिटापासून मी खाली बघत होतो. एटीआरचे पंख अंगाच्या वर असतात, त्यामुळे खालचं सगळं मोकळं दिसतं: नदीचं वळण, तपकिरी शेतं, चुन्याने रेघ मारल्यासारखा रस्ता. ठिपका शहराच्या नावावर आला, ओलांडून गेला. खाली मला नदी आणि शेतंच दिसत राहिली. शहर काही दिसलं नाही.

उतरल्यावर फोन सुरू केला तर तिचे तीन संदेश आलेले. पहिला: आवाज आला. दुसरा: दिसत नाहीये, आवाज येतोय तिथे काहीच नाही. तिसरा मिनिटभराने: दिसलास!

साडेपाच किलोमीटरवरून आवाज खाली यायला सोळा सेकंद लागतात. तेवढ्या वेळात विमान सव्वादोन किलोमीटर पुढे गेलेलं असतं. आवाजाकडे बघितलं तर रिकामं आभाळ दिसणारच. मी मधल्या विमानतळावर चार तास बसणारच होतो, तेव्हा हे सगळं आकृती काढून तिला पाठवलं. आवाजाच्या पुढे बघायचं, उगवतीकडे, हात लांब केला तर एका वितीवर.

तिने आकृतीवर काहीच म्हटलं नाही. विचारलं, "तू कुठल्या बाजूला बसला होतास?"

उजव्या. तिचं शहर डाव्या बाजूला राहिलं होतं, ते मला नंतर नकाशावर कळलं. दिवाळीचं तिकीट काढलंय, या वेळी ए, डावीकडची खिडकी.